दर सोमवारी नवा गुरू

"वरची खोली खाली आहे. केव्हाही या न."

ग्वाल्हेरला बदली झाली तेव्हा जागेसाठी केलेल्या पहिल्याच फोनवर मला हे ऐकायला मिळालं. मी साताऱ्याकडचा. वरची खोली खाली कशी असेल, या विचाराने मला हसू फुटलं आणि ते फोनमधून पलीकडे पोचलं. मग आवाज आला, "हसलात. का हसलात ते सांगा."

मी ओशाळलो. म्हटलं, "काही नाही हो. आमच्याकडे अशा वेळी 'रिकामी' म्हणतात."

"रिकामी. बिलकुल बरोबर. हिंदी घुसलं माझ्या तोंडात. आणि मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, हे पण सांगून ठेवतो. छान हसलात तुम्ही. या, खोली बघून घ्या."

आपल्या चुकीवर कोणी हसलेलं ज्याला आवडतं, अशा माणसाचा भाडेकरू व्हायला हरकत नाही असं मला वाटलं. दाना ओलीतल्या त्या घरात मी तीन वर्षं राहिलो. ऑफिस इंदरगंजला, पायी पंधरा मिनिटांवर. गल्लीतले लोक त्यांना 'मास्साब' म्हणत, मी काका म्हणायला लागलो. उंच, किडकिडीत, हिवाळ्यात माकडटोपी आणि हातविणीचा अर्धा स्वेटर. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले होते, पण कुठल्या गावाहून ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ते "तुम्ही देशावरचे" म्हणत, आणि देश म्हणजे नाशिक की सोलापूर यात त्यांना फारसा फरक वाटत नसे.

राहायला गेलो त्या सोमवारी सकाळी काका सायकल काढताना दिसले. हँडलला कापडी पिशवी आणि पिशवीतून लाकडी पाटाचा कोपरा डोकावत होता. विचारलं, पूजा सांगायला निघालात का? म्हणाले, "नाही हो. शिकायला निघालो. आज सोमवार न."

त्यांचा हा क्रम निवृत्तीनंतर सुरू झालेला. दर सोमवारी नवा गुरू करायचा, आठवडाभर त्याच्याकडे शिकायचं, रविवारी परीक्षा द्यायची. नियम कडक होते. गुरूने एकाच कामात निदान बारा वर्षं काढलेली असावीत. हौशी माणसाकडे ते जात नसत. हौशी माणूस शिकवत नाही, दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. शिकणाऱ्याने गुरूपेक्षा खाली बसायचं, म्हणून तो पाट. आणि रविवारी चार माणसांसमोर गुरूने 'जमलं' किंवा 'नाही जमलं' असं स्पष्ट सांगायचं. निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी नवा गुरू. एका दारात दुसऱ्यांदा जाणं नाही.

"एका आठवड्यात काय येतं काका?" मी एकदा विचारलं.

"काहीच येत नाही. पण चुकता तर येतं न."

थंडीत ते गजक करणाऱ्याकडे गेले. गुळाचा पाक निवत आला की तो खुंटीला अडकवून ओढत राहायचं, पांढरट पडला की तिळात घालून लाकडी हातोड्यांनी कुटायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुटलेली गजक वर आणून दिली. ती आम्ही वरवंट्याने फोडली. मी विचारलं, कारागिराने चाखली का? "चाखली. म्हणाला, मास्साब, ये गजक नहीं, ईंट है. पर ईंट अच्छी है." हे सांगताना त्यांना एवढा आनंद झाला होता की मी उरलेला तुकडा मुकाट्याने चघळत बसलो.

पाटणकर बाजारात साड्यांना फॉल-पिको करणारी एक बाई होती. तिच्या दुकानात ते आठवडाभर गिऱ्हाईक बायकांच्या पायांशी पाट टाकून बसले. एका न्हाव्याने त्यांना फेस लावलेल्या फुग्यावर वस्तरा चालवायला शिकवलं. शनिवारी वस्तरा घेऊन ते वर आले आणि म्हणाले, आता खरा गाल पाहिजे. मी म्हटलं, भाडेकरारात गालाचा उल्लेख नाही. ते नाराज होऊन खाली गेले आणि अर्ध्या तासाने स्वतःच्या हनुवटीला कापूस लावून परत आले. गाणं शिकायला मात्र ते कोणाकडे गेले नाहीत. ग्वाल्हेरात राहून हे कसं, असं विचारल्यावर म्हणाले, "एका आठवड्यात गाणं शिकायला जो जाईल त्याला शेजाऱ्यांनी मारावं."

हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नव्हता. माझ्याशी घडाघडा मराठी बोलणारा हा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला की हिंदी बोलायला लागायचा, तेही जपून जपून. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगा औषधकंपनीच्या कामावर महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात काका आणि सूनबाई. सूनबाई भिंडकडच्या एका गावातल्या, मुरारच्या शाळेत गणित शिकवायच्या. दोघांचं वागणं अदबीचं होतं, पण पाहुण्यांनी पाहुण्यांशी वागावं तसं.

एके संध्याकाळी मी विचारलंच. काका थोडा वेळ पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, मग सांगू लागले.

"लग्नाला महिना झाला होता. सत्यनारायण ठेवला होता. पुण्याहून माझी बहीण आलेली, इकडची सगळी मराठी मंडळी. हिने कोणाला न सांगता चार वाक्यं पाठ केली होती, लहान मुलांचं पुस्तक आणून. आरती झाल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, 'मी मराठी बोलण्याची चेष्टा करते. चूक झाली तर माफ करा.'"

मला हसू येणार होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते दाबलं.

"पहिला हसलो तो मी. मग मास्तर न मी, सवय. उभा राहून सगळ्यांना समजावलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. मतलब, आमच्या सूनबाई मराठीची थट्टा करतात! आणखी उदाहरणं दिली. पाच-सात मिनिटं तर बोललोच असेन. लोक खूप हसले. ती तिथेच उभी होती. पुढची तीन वाक्यं राहूनच गेली."

"मग?"

"मग काय. अकरा वर्षं झाली. मराठीचा एक शब्द नाही. आधी मला बाबा म्हणायची, दुसऱ्या दिवसापासून पापाजी झालो."

"माफी नाही मागितलीत?"

"दुसऱ्याच दिवशी मागितली. म्हणाली, कोई बात नहीं पापाजी. राग नाही हो तिला. राग असता तर उतरला असता." त्यांनी पाट भिंतीला टेकवून ठेवला. "मी छत्तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या. चुकणाऱ्याचं काय होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून निघालो शिकायला. मरायच्या आधी तिच्या तोंडून मराठी ऐकायचं आहे मला. चुकीचं असलं तर आणखी चांगलं."

त्यानंतर ऑफिसात त्यांच्या गोष्टी सांगणं मी बंद केलं. थोडी लाजही वाटली.

त्यांची एक वही होती, शाळेची, दुरेघी. मला वाटायचं तीत गजकीचं प्रमाण, पिकोचे टाके असलं काही असेल. एकदा त्यांनीच दाखवली. वरती मथळा होता, 'चुकल्यावर'. खाली गुरूचं काम आणि आपण चुकलो तेव्हा तो हसला की नाही, एवढंच. गजकवाला, हसला, हातोडा माझ्याच हातात ठेवला. पिकोवाली, हसली नाही, टाके उसवून साडी परत मांडीवर दिली. न्हावी, खूप हसला, म्हणाला माझा पहिला फुगा तीन सेकंद टिकला होता. पानंच्या पानं अशी. निम्मे हसणारे, निम्मे न हसणारे.

"काय निघालं यातून?"

"हेच तर समजत नाही. न्हावी इतका हसला, मला काहीच वाटलं नाही. मला काही वाटेल तेव्हा समजेल की तिला काय वाटलं होतं."

सूनबाईंशी माझं बोलणं होई ते गच्चीत, कपडे वाळत घालताना, आणि हिंदीतच. एकदा दोरीच्या दोन टोकांना आम्ही दोघं होतो. मी म्हटलं, काका तुमच्या मराठीसाठी जीव टाकतात. त्यांनी चादर झटकली.

"समझ तो सब लेती हूं भैया. आप दोनों नीचे क्या बातें करते हैं, वो भी."

"फिर बोलतीं क्यों नहीं? वो हंसे इसलिए?"

"हंसने का क्या है. सब हंस रहे थे, मैं भी हंस देती. पर उन्होंने समझाया. मुझे खड़ा रखकर, सबको समझाया. मैं भी पढ़ाती हूं न. बच्चे की गलती कॉपी में ठीक करते हैं, बोर्ड पर थोड़े ही उतारते हैं." चादरीला चिमटे लावून झाले. "अब मुंह ही नहीं खुलता. सच कह रही हूं, मन में पूरा वाक्य बना लेती हूं, और बाहर हिंदी आती है."

हे काकांना सांगावं की नाही, यावर मी दोन आठवडे घालवले. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसायची मला खोड नाही. पण ते त्या वहीत हसणाऱ्यांची नोंद करत राहिले आणि मला ते बघवेना. शेवटी सांगितलं. म्हटलं, हसल्याचं तिला काही नाही, समजावल्याचं आहे.

त्यांनी वही उघडली, दोन-चार पानं उलटली, मिटली. "मतलब, मी जे केलं त्यात मला जे चांगलं वाटत होतं, तेच तिला लागलं," एवढं म्हणाले आणि खाली गेले. त्या सोमवारी पाट पिशवीतून निघाला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. पिकोवालीने मला रस्त्यात अडवून विचारलं, मास्साब बरे आहेत न? मला राहून राहून वाटलं की आपण उगीच तोंड उघडलं.

त्याच सुमाराला सूनबाईंची आई गुडघ्याच्या उपचारासाठी आठ दिवस राहायला आली. म्हातारी फक्त आपल्या गावाकडची बोली बोलायची. तिच्या बोलीत कोणालाही हाक मारताना आधी 'काए' म्हणतात. काकांना ते मराठीतलं 'काय' वाटायचं. म्हातारीने "काए" म्हटलं की हे काहीतरी विचारल्यासारखं उत्तर द्यायचे. भाजीची पिशवी घेऊन दारातून आत आले, तिने "काए, आए गए?" म्हटलं, हे म्हणाले, "भिंडी." दोघी मायलेकी पदर तोंडाला लावून हसल्या.

म्हातारी गेल्यावर ते वर आले. "मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. आईशी बोलताना ती किती भरभर बोलते, किती जोरात हसते. अकरा वर्षं माझ्या घरात आहे. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं हो."

मी चेष्टेने म्हटलं, "मग करा तिलाच गुरू. पस्तीस वर्षं बोलते आहे ती बोली. बारा वर्षांची अट पुरी होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि जिना उतरून गेले.

सोमवारी सकाळी सूनबाई शाळेत निघायच्या आधी मेथी निवडत होत्या. खाली उतरताना मी पाहिलं, काकांनी त्यांच्या खुर्चीसमोर पाट मांडला, गुडघे धरत खाली बसले आणि म्हणाले, "इस हफ्ते तुम्हारे पास. अपनी बोली सिखाओ."

"पापाजी, मजाक मत कीजिए. उठिए, ठंडी जमीन है."

"मजाक नहीं है. मुझे नहीं आती, तुम्हें आती है."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल शोधायला लागलो.

आठवडाभर रोज संध्याकाळी पाट मांडला जात होता. काय शिकवणं चाललंय ते मला वर ऐकू येत नसे, फक्त काकांचं "हओ, हओ" मधून मधून यायचं. हओ म्हणजे हो. तेवढं पहिल्याच दिवशी आलं होतं आणि काका ते सगळीकडे वापरत होते, अगदी दूधवाल्याशीसुद्धा.

रविवारी परीक्षा ठरली, सूनबाईंच्या आईला गावी फोन लावून तिच्याशी बोलायचं. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन ठेवला. पलीकडून म्हातारी म्हणाली, "काए समधी जी, का हो रओ?" म्हणजे, व्याहीबुवा, काय चाललंय?

काकांनी घसा साफ केला. आदराने बोलायचं, बाई माणूस आहे, म्हणून 'काए'ला त्यांनी आपल्या मनाने 'री' जोडलं आणि ठासून म्हणाले, "काए री, का कर रई?"

'काय गं, काय करतेस' अशी, लहान पोरीला किंवा खेळगड्याला हाक मारावी तशी ती हाक होती. सत्तरीच्या विहिणीला. मग म्हातारी अशी हसली की टेबलावरचा फोन थरथरला, आणि तिच्या अंगणातल्या चार बायका तिच्यामागून. सूनबाईंनी आधी तोंडावर हात धरला, मग हात सोडला आणि खुर्चीत मागे टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. काका तेवढे हसले नाहीत आणि चूक कशी झाली तेही सांगत बसले नाहीत. ते पाटावर बसून मान वर करून सूनबाईंकडे पाहत होते. परीक्षेत मुलं पाहतात तसं. मला त्या क्षणी भीती वाटली, ही बाई आता माझ्यासमोर, फोनवरच्या बायकांसमोर काकांना समजावणार.

सूनबाईंनी आधी "अम्मा, बाद में" म्हणून फोन बंद केला. मग खुर्चीतून खाली वाकल्या, अगदी त्यांच्या कानाशी गेल्या आणि हळूच काहीतरी सांगितलं. दोन-तीन वाक्यं असतील. मला एक शब्द ऐकू आला नाही. काका मान हलवत होते. मग त्या सरळ झाल्या. निकाल मोठ्याने द्यायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकदा ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"बाबा, नाही जमलं. उद्यापासून परत बसायचं."

काका म्हणाले, "पण नियम असा आहे की..." आणि तिथेच थांबले. "बसतो," म्हणाले. "बसतो न."

सूनबाई घाईघाईने आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज उगीच मोठा येत होता. काकांना पाटावरून उठता येईना, मी हात दिला. त्यांनी तो धरून ठेवला. "ऐकलंत न?" म्हणाले. मी म्हटलं, ऐकलं. "नापास झालो मी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मलाही आवरलं नाही.

चार महिन्यांनी माझी बदली झाली. तोवर त्यांनी दुसरा गुरू केला नव्हता. दर रविवारी नापास होत होते. ते मुद्दाम चुकतात का, असं मी एकदा सूनबाईंना विचारलं. "नाही भैया," त्या म्हणाल्या, "खरंच खूप खराब आहे त्यांचं."

मागच्या महिन्यात सहज फोन केला. सूनबाईंनी उचलला. जुन्या सवयीने मी हिंदीत सुरुवात केली.

"मराठीत बोला न भैया," त्या म्हणाल्या. "बाबा बाहेर गल्लीत आहेत, लोकांशी गप्पा करून राहिले. आवाज देऊ?"

आमच्याकडे याला 'हाक मारू का' म्हणतात. वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"द्या," मी म्हटलं. "जोरात द्या आवाज."